एका दस्तात दोन किमती

नंदुरबारच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घराचे किंवा बिनशेती प्लॉटचे खरेदीखत नोंदले गेले की त्या दस्ताची सूची क्रमांक दोन तयार होते. लोक तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. या उताऱ्यात पहिला रकाना दस्ताच्या प्रकाराचा. दुसरा मोबदल्याचा, म्हणजे लिहून देणार आणि लिहून घेणार या दोघांनी मिळून सांगितलेल्या रकमेचा. तिसरा बाजारभावाचा, म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे त्या मिळकतीची जी किंमत निघते तिचा. पुढे भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षांची नावे, दस्त करून दिल्याची तारीख आणि दस्त नोंदल्याची तारीख. घर एक, व्यवहार एक आणि किमती दोन.

त्या घरासाठी हातोहात खरोखर किती पैसे गेले, हे या दोन आकड्यांपैकी एकावरूनही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ‘नंदुरबारात घरांचे भाव चढतायत की नाही?’ या साध्या प्रश्नाला जिल्ह्यात चार ठिकाणी चार उत्तरे मिळतात. प्लॉट विकणारा सांगतो, भाव दुप्पट झाले. विकायला निघालेला घरमालक सांगतो, वर्ष झाले, गिऱ्हाईक नाही. तक्ता सांगतो, थोडी वाढ आहे. बँकेचा मूल्यांकनकार आपला वेगळाच आकडा लिहितो.

ही विसंगती आजची नाही. या भागातल्या घरांविषयी आणि जमिनींविषयी जे जुने कागद शिल्लक आहेत, तेही एकमेकांशी असेच भांडतात. ते कालक्रमाने लावून पाहिले तर एक नियम दिसतो: कागदावरचा आकडा आधी कागद लिहिणाराची गरज सांगतो आणि मग किंमत. ती गरज ओळखली की भांडणारे कागदही उपयोगी पडतात.

किंमत नसलेली वर्णने

नंदुरबारच्या घरांचा सर्वांत जुना ठळक उल्लेख अकबराच्या काळातला आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठिकाण. तिथे किल्ला आहे, सुंदर वास्तू आहेत, खरबुजे नावाजलेली आहेत, अशी नोंद येते. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इथून गेला. त्याने गढी, तलाव, पुष्कळ थडगी आणि विलासगृहे पाहिल्याचे लिहिले. १६६० च्या सुमारास फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याला हे शहर संपन्न दिसले. १८८० साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये पुढची माहिती मिळते: १६६६ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली आणि १६७० मध्ये अहमदाबादचे इंग्रज व्यापारी आपला मुक्काम नंदुरबारला हलवून आले.

यांपैकी कोणत्याही कागदात घराची किंमत नाही. पण मागणीचा अंदाज आहे. वखार म्हणजे गोदामे, दलाल, हमाल, शिबंदी आणि या सगळ्यांना लागणारे छप्पर. सतराव्या शतकात नंदुरबारात चांगल्या जागेला गिऱ्हाईक होते, एवढे या नोंदींवरून म्हणता येते. त्यापलीकडे जाता येत नाही. फिंच आणि ताव्हर्निए वाटसरू होते. वाटेवरच्या वास्तू त्यांना दिसल्या, विणकराचे घर दिसले नाही.

मग १८१८ येते. पेशवाई संपून इंग्रजी अंमल बसला तेव्हा हे गाव निम्म्याहून अधिक ओस होते, असे गॅझेटियर सांगते. ही नोंद जपून वाचावी लागते. नव्या सत्तेला जुन्या सत्तेची पडझड दाखवण्यात रस असतो. आपण हातात घेतले तेव्हा काय होते आणि आता काय आहे, हा हिशेब गॅझेटियरच्या पानोपानी आहे. तरीही ती नोंद खोटी ठरवता येत नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, १८०३-०४ मध्ये मोठा दुष्काळ पडला, मागून पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, हे इतर साधनांतूनही कळते. ओस पडलेल्या गावात घराला भाव नसतो, कारण घेणाराच नसतो. लिहिणाऱ्याचा हेतू लक्षात घेऊनही पडझडीचा निष्कर्ष टिकतो, कारण वेगळ्या हेतूने लिहिलेली साधने तेच सांगतात. पुढच्या प्रत्येक कागदाला हीच कसोटी लावली आहे.

कापसाची चार वर्षे

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचा भाव काही पटींनी वाढला. खानदेश हा मुंबई इलाख्यातला कापसाचा मोठा जिल्हा. तिथले कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटी बियाणे पसरवण्यासाठी नेट लावला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे याच सुमारास चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा पूर्व खानदेश गाठत होती. पश्चिमेकडचे नंदुरबार मात्र रुळापासून दूर राहिले. इथला माल बैलगाडीने सुरतेकडे जाई. नंदुरबारवरून जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे यायला विसाव्या शतकाचा उंबरठा उजाडला.

कापसाचा पैसा सगळ्यांत आधी मुंबईच्या जागेत शिरला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडून नवे भूखंड विक्रीला आले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा समभाग ५०,००० च्या घरात गेला. अजून जी जमीन समुद्राखाली होती तिचा हा भाव. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ च्या वायदेपूर्तीला सट्टेवाले बुडाले आणि त्यांच्या मागे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

या चढउताराचा एक पुरावा शिरगणतीत आहे. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी. १८६४ चा आकडा हातात घेऊन त्या वर्षी कोणी घर बांधायला काढले असेल, तर त्याला मागणी अफाट दिसली असणार. पण ती माणसे रोजगारासाठी आली होती. रोजगार सरला तशी ती परतली. गणती खरी होती, तिच्यावरून काढलेला ‘मागणी अशीच राहणार’ हा निष्कर्ष खोटा ठरला.

नंदुरबारात नगरपालिका स्थापन झाली ती १८६७ मध्ये, म्हणजे कापसाचा भाव पडल्यानंतर. तेजीच्या वर्षांत इथल्या घरांची आणि जागांची नोंद ठेवणारी नागरी संस्थाच नव्हती. म्हणून १८६१ ते १८६५ या काळात नंदुरबारच्या पेठेतल्या घराचे काय झाले, हे मुंबईच्या आकड्यांवरून ठरवणे चूक होईल. तरीही आज नेमके तेच केले जाते: मुंबई-पुण्याच्या बातमीवरून नंदुरबारच्या प्लॉटचा भाव सांगितला जातो.

फुगलेले खत

याच दशकात एक नवा आणि मोलाचा कागद जन्माला आला. १८६४ च्या १६ व्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. अट अशी, की मिळकत १०० रुपये किंवा अधिक किमतीची हवी. त्याहून कमी किमतीचे घर किंवा जमीन नोंदणीविना हस्तांतरित होऊ शकत होती. गावातले मातीचे घर, झोपडे, लहान पडीक तुकडा यांतले बरेचसे व्यवहार या मर्यादेखाली राहिले असणार. त्या काळच्या नोंदणीपुस्तकांतून काढलेली सरासरी म्हणूनच मोठ्या मिळकतींची सरासरी आहे. गरिबाच्या घराचा भाव तिच्यात आलेलाच नाही.

जी खते नोंदली गेली त्यांच्यातला आकडा तरी खरा होता का? याचे उत्तर १८७५ च्या दंग्यांनंतर मिळाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. लोण नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाने पुढे शेतकरी आणि सावकार यांच्यातल्या कागदांची बारकाईने तपासणी केली. खतात लिहिलेली रक्कम आणि खरोखर हातात पडलेली रक्कम यांत किती अंतर होते, हे त्या तपासणीत उघड झाले.

हे अंतर कसे तयार होई ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका शेतकऱ्याने ५० रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षेच मिळत. म्हणून तिसऱ्या वर्षी सावकार रोखा बदलून घेई. तीन वर्षांचे व्याज ३६ रुपये. नवा रोखा ८६ रुपयांचा, पण रोकड एक पैसाही नवी नाही. पुन्हा तीन वर्षे. आता व्याज ८६ वर धरले की ६२ रुपये होते आणि एकूण बोजा १४८ वर जातो. शेतकऱ्याकडून फेड होत नाही म्हणून तो घर आणि शेत ‘मुदत खरेदी’ने लिहून देतो. खतात किंमत येते १४८ रुपये. नोंदणीपुस्तकात ती मिळकत १४८ ला विकली गेली असे कायमचे राहते. प्रत्यक्षात देणाऱ्याच्या हातात सहा वर्षांपूर्वी ५० रुपये पडले होते.

अशा खतांची सरासरी काढली तर जमिनीचे आणि घरांचे भाव तीनपट वाढले असे दिसेल. वाढले असेल ते व्याज. आयोगाची चौकशी पुणे आणि नगर जिल्ह्यांपुरती होती आणि तिच्यानंतर १८७९ मध्ये झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. खानदेश त्यात नव्हता. पण मुदतीचा कायदा आणि दिवाणी न्यायालये खानदेशातही तीच होती. एकोणिसाव्या शतकातले खानदेशी खरेदीखत हातात घेताना म्हणूनच पहिला प्रश्न हवा: यात रोख किती आणि जुने देणे किती? पुष्कळ खतांत ‘मागील बाकी’ असा उल्लेख स्पष्ट असतो. तो वगळून केलेली बेरीज फसवी.

बाजार बंद असलेली जमीन

१८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ गुजरात आणि खानदेशावर घाव घालून गेला. शेतसारा थकला, जमिनी सरकारजमा झाल्या. मग १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती आणली. सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, अशा शर्तीवर देण्याची तरतूद तिच्यात होती. ज्या मुलखात भूमापन बसलेले नव्हते तिथे अधिसूचना काढून हीच बंदी घालणारे ७३-अ हे कलमही तिनेच आणले.

या विधेयकावर मुंबई विधिमंडळात जो वाद झाला तो मिळकतीच्या किमतीविषयीचाच होता. सरकारचे म्हणणे, जमीन मुक्तपणे विकता येते म्हणून सावकार कर्ज देतो आणि शेवटी जमीनच जाते. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे म्हणणे, विकण्याचा हक्क काढला की जमिनीची पत जाते आणि जमिनीची किंमतही जाते. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून निघून गेले. हिंदी सभासदांनी केलेला हा त्या काळातला गाजलेला सभात्याग. जमीन विकण्याच्या मुभेत एकाला शेतकऱ्याची ताकद दिसत होती, दुसऱ्याला त्याचे संकट. कागद तेच, वाचन दोन.

पुढच्या पाऊणशे वर्षांत पश्चिम खानदेशातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबांच्या कितीतरी जमिनी कर्जापायी बिगरआदिवासींकडे गेल्या. शहादा भागात १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या चळवळीचा हाच मुख्य मुद्दा होता. परिणामी १९७४ मध्ये दोन कायदे झाले. महसूल संहितेत ३६-अ कलम आले: आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत करण्याची तरतूद केली. त्या सतरा वर्षांतल्या खतांतली किंमत ही मोकळ्या बाजारातली किंमत नव्हती, हे विधिमंडळाने कायदा करून मान्य केले, असाच त्याचा अर्थ. त्या काळातले शहाद्या-तळोद्यातले खत भावाचा पुरावा म्हणून वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ६९ टक्के आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, शहादा आणि नंदुरबारमधली ठरावीक गावेही आहेत. म्हणजे जिल्ह्यातल्या मोठ्या भूभागाला मोकळ्या बाजाराचा भावच नाही, आणि तो नसणे हे तिथल्या माणसांच्या संरक्षणासाठी आहे. सातपुड्यातले घर तर विकले जाण्यासाठी बांधलेलेच नसते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, ती याच डोंगरातली. तिथल्या लाकूड-बांबूच्या घरांचे मोल ठरवताना आधारासाठी एकही खरेदीखत सापडण्याजोगे नव्हते, कारण विक्रीच होत नव्हती.

याचा परिणाम शहरावर होतो. जिथे बिगरआदिवासीला जमीन घेता येते असा पट्टा मर्यादित आहे, म्हणून सगळी मागणी त्याच पट्ट्यात उतरते. नंदुरबार किंवा शहादा शहरालगतच्या बिनशेती प्लॉटचा भाव चढलेला दिसतो तो थोड्या जमिनीचा भाव आहे. तो जिल्ह्याचा भाव म्हणून सांगता येत नाही.

तक्त्याची वर्षे

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय आणि त्यांच्यामागून बदलीवर येणारे कर्मचारी शहरात आले. घराची मागणी वाढली, हे मानायला हरकत नाही. पण इथेही कागद एकमेकांना छेद देतात. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या २५ टक्क्यांहून अधिक वाढली. नंदुरबार नगरपालिका हद्दीची मात्र ९४ हजारांवरून १,११,०३७ झाली, म्हणजे सुमारे १८ टक्के. शहर जिल्ह्यापेक्षा मंद वाढले, असा याचा सरळ अर्थ निघतो. तो स्वीकारण्याआधी हद्द पाहावी लागते. हद्दीबाहेर शेजारच्या ग्रामपंचायतीत जी वसाहत होते तिची माणसे ग्रामीण म्हणून मोजली जातात, आणि तिची घरे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये चढतात.

आता मूल्यदर तक्त्याकडे येऊ. मुद्रांक शुल्क बुडू नये म्हणून हा तक्ता असतो. घराचा भाव सांगणे हे त्याचे काम नव्हे. २०१७-१८ मध्ये राज्याची सरासरी वाढ ५.८६ टक्के होती. २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये दर तेच ठेवले. १२ सप्टेंबर २०२० पासून सरासरी १.७४ टक्के वाढ. २०२१-२२ मध्ये बदल नाही. १ एप्रिल २०२२ ला सरासरी ४.८१ टक्के, त्यात नगरपरिषद आणि नगरपंचायत क्षेत्रात ३.६२ टक्के. मग दोन वर्षे पुन्हा स्थिर. १ एप्रिल २०२५ ला राज्याची सरासरी ३.८९ टक्के, नगरपरिषद क्षेत्रात ४.९७ टक्के.

राज्याच्या सरासरीने २०१७-१८ नंतरचे हे तीन बदल एकावर एक धरले, तर एप्रिल २०१७ ते एप्रिल २०२५ या आठ वर्षांत तक्ता पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास चढला. त्याच आठ वर्षांत देशातली सर्वसाधारण महागाई चाळीस टक्क्यांहून अधिक झाली. आकड्यात चढ, महागाई वजा केली की उतार. एकाच तक्त्यातून ‘भाव वाढले’ आणि ‘भाव पडले’ ही दोन्ही वाक्ये निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी, की तक्ता खरेदीखतातल्या मोबदल्यालाच आपल्याकडे ओढतो. मुद्रांक शुल्क मोबदला आणि तक्त्याची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागते. आयकर कायद्यातल्या ५०-क कलमाने २००३ पासून विकणाऱ्याचा भांडवली नफाही मुद्रांकाच्या किमतीशी बांधला. तक्त्याच्या खाली लिहिण्यात फायदा नाही. वर लिहिले तर शुल्क आणि कर दोन्ही वाढतात. म्हणून ज्याला काळा पैसा द्यायचा-घ्यायचा आहे, त्याचा दस्त तक्त्याला चिकटून लिहिला जातो. एकोणिसाव्या शतकातले खत देणे फुगवून किंमत दाखवत होते, तर हे खत रोख दडवून किंमत आवळते. तक्ता दोन वर्षे स्थिर राहिला की असे दस्तही स्थिर दिसतात, मग बाहेर भाव काहीही असो. सूचीतला दुसरा रकाना तिसऱ्याची सावली होतो.

तारखांचेही तसेच. कोरोनाकाळात शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्के सवलत दिली. डिसेंबरात राज्यभर नोंदणीला झुंबड उडाली. दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांत नोंदता येतो, त्यामुळे पुष्कळांनी डिसेंबरात सही करून शुल्क भरले आणि नोंदणी पुढे केली. त्या महिन्यांतली दस्तसंख्या पाहून ‘बाजार उसळला’ म्हणणे म्हणजे सवलतीला मागणी समजणे. सूचीतला नववा आणि दहावा रकाना, म्हणजे दस्त करून दिल्याची आणि नोंदल्याची तारीख, शेजारी ठेवून पाहिले की हे उघड होते.

भरपाईचा आकडा

शुल्क भरताना किंमत कमी दाखवण्याची ओढ असते, सरकार जमीन घेते तेव्हा ती उलटी फिरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई ठरवताना मुद्रांकाची किंमत एकीकडे आणि मागील तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरीकडे धरतात, आणि जी जास्त ती घेतात. ग्रामीण भागात तिला गुणक लागतो, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही ही मोजणी लागू आहे. फागणे ते नवापूर या सुरत रस्त्याच्या चौपदरीकरणासारखी कामे या भागात झाली. अशा पट्ट्यात दोन विरुद्ध चुका संभवतात. ज्याने वर्षानुवर्षे शुल्क वाचवण्यासाठी कमी किंमत लिहिली, त्याच्या शेजाऱ्यालाही कमी भरपाई मिळते. आणि ज्याला रस्त्याची कुणकुण आधी लागली, त्याला चढे खत लिहून ठेवण्याचा मोह होतो. असाधारण खते वगळण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे, तो याचसाठी. प्रस्तावित रस्त्यालगतचे ताजे चढे खत भाववाढीचा पुरावा म्हणून दाखवले गेले, तर अधिसूचनेची तारीख विचारायलाच हवी.

काय ठरते

देशपातळीवर घरांच्या भावाचे दोन सरकारी निर्देशांक आहेत. रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक नोंदणी कार्यालयांच्या माहितीवर चालतो आणि निवडक मोठ्या शहरांपुरता आहे. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ पन्नास शहरांचा आहे आणि त्याचा एक भाग गृहकर्जासाठी केलेल्या मूल्यांकनांवर उभा आहे. पाया वेगळा म्हणून दोघांचे उत्तरही पुष्कळदा वेगळे येते. नंदुरबार कोणत्याच यादीत नाही. जिल्ह्यातल्या घरांविषयी जो कोणी टक्केवारी सांगतो, त्याच्यामागे अशी मोजणी नसते.

तरी हातात काहीच नाही असे नव्हे. वरच्या सगळ्या कागदांतून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. तक्त्यातला भाव २०१७ नंतर वाढला, पण महागाईच्या मागे पडला. शहरालगतच्या मोकळ्या प्लॉटचा चढा भाव मागणीइतकाच जमिनीच्या टंचाईतून येतो आणि तो संपूर्ण जिल्ह्याला लावता येत नाही. आणि नोंदलेल्या मोबदल्यावरून काढलेली कोणतीही वाढ तक्त्याच्या पायऱ्यांशी ताडून पाहिल्याशिवाय वाढ म्हणून मान्य करता येत नाही.

नोंदणी महानिरीक्षकांकडे मागणी करण्याजोगी एक गोष्ट आहे. सूची क्रमांक दोनमधली मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दोन्ही तारखा ही माहिती व्यक्तींची नावे वगळून, तालुकावार, दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. ती संगणकात आहेच. लहान जिल्ह्यांना निर्देशांक मिळेपर्यंत एवढ्यानेही गिऱ्हाइकाचे डोळे उघडतील.

आणि घर घेणाऱ्याला एक सांगणे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ५७ वे कलम स्थावर मिळकतीच्या नोंदणीपुस्तकाची आणि सूचीची पाहणी करण्याचा, प्रमाणित नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येकाला देते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधही घेता येतो. इसार देण्याआधी त्याच गटातल्या किंवा त्याच सिटी सर्व्हे क्रमांकाच्या आसपासच्या मागच्या सहा-सात वर्षांतल्या सूच्या काढा. प्रत्येकीत दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी लिहा, चौरस मीटरचा दर काढा, तारीख तक्त्याच्या बदलाशी ताडा. जमिनीचा सातबारा आणि फेरफार पाहून ३६-अ लागू आहे का तेही तपासा. सगळे मोबदले तक्त्याच्या पायरीपायरीनेच चढलेले असतील, तर ‘भाव वाढतोय, आजच घ्या’ म्हणणाऱ्याजवळ पुरावा नाही, आणि तुम्हाला घाई करण्याचे कारण नाही.